एजन्सीचा करार : सही तुमची, दावा कुणावर?

एजन्सीचा करार हातात आला की फ्रीलान्सर आधी रक्कम बघतो, मग मुदत, मग पैसे किती दिवसांत मिळणार ते. खरा धोका असतो नवव्या-दहाव्या पानावर, ‘जनरल’ किंवा ‘मिसलेनियस’ अशा गरीब चेहऱ्याच्या मथळ्याखाली. 60 हजारांच्या वेबसाइटचं काम घेताना 40 लाखांच्या दाव्याची जबाबदारी तिथे चार ओळींत तुमच्या नावावर चढते. सही स्वतःच्या नावाने केली असेल, तर त्या दाव्याची वसुली तुमच्या बचत खात्यातून, मुदत ठेवीतून, गाडीतून आणि फ्लॅटमधून होऊ शकते.

हे असं का होतं, ते आधी पाहू. एजन्सी ही मधली कडी. मोठ्या क्लायंटने तिच्याकडून जे लिहून घेतलं, ते ती जसंच्या तसं खाली सरकवते. करारांच्या भाषेत याला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात. क्लायंटचा मूळ करार कोटींच्या कामासाठी लिहिलेला असतो, एजन्सीकडे विमा आणि वकील असतात, आणि शेवटच्या कडीकडे फक्त लॅपटॉप. यात दरवेळी एजन्सीचा डाव असतो असं नाही. बहुतेकदा लीगलवाल्यांनी जुना मसुदा नाव बदलून पाठवलेला असतो. म्हणूनच त्यात बदल मागता येतो, आणि मागितला तर बऱ्याचदा मिळतोही.

आणखी एक गोष्ट. कर्मचाऱ्याने काम करताना केलेल्या चुकीची भरपाई साधारणपणे मालकाकडून मागितली जाते. स्वतंत्र कंत्राटदाराची चूक मात्र त्याची त्याच्याच अंगावर येते. ‘तुम्ही आमचे कर्मचारी नाही’ हे कलम आपण पीएफ-ग्रॅच्युइटीचं समजून पुढे सरकतो, पण त्या एका वाक्याने जबाबदारीची बाजूही बदललेली असते.

सही नेमकी कोण करतंय?

‘अमुक डिझाइन स्टुडिओ’ असं नाव, जीएसटी नंबर, चालू खातं आणि रबरी शिक्का असला, तरी मालकी एकट्याची असेल तर कायद्याच्या दृष्टीने स्टुडिओ आणि तुम्ही एकच. प्रोप्रायटरशिपला वेगळं अस्तित्व नसतं. भागीदारीत परिस्थिती आणखी नाजूक आहे. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 25 नुसार संस्थेच्या व्यवहारांसाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. म्हणजे चूक दुसऱ्याची असली तरी पूर्ण रक्कम तुमच्याकडे मागता येते.

भागीदारी नसतानाही हा सापळा लागतो. दोन फ्रीलान्सर, एक डिझाइनवाला आणि एक कोडवाला, एकाच करारावर सह्या करतात. करार कायद्याचं (भारतीय करार कायदा, 1872) कलम 43 म्हणतं की एकत्र दिलेलं वचन पाळायला त्यांतल्या कुणाही एकाला भाग पाडता येतं. (यापुढे कायद्याचं नाव न देता कलमाचा नुसता आकडा आला, तर तो याच कायद्याचा.) तेव्हा दोघांचे करार वेगळे करा. ते शक्य नसेल, तर ‘प्रत्येकाची जबाबदारी परिशिष्टातल्या त्याच्या कामापुरती आणि त्याच्या मानधनापुरती’ हे वाक्य हवंच.

एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा एकल व्यक्ती कंपनी (ओपीसी) काढली की संस्थेची देणी संस्थेपुरती राहतात. याला दोन भोकं आहेत. एक, तुमच्या स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीच्या कृतीला हे कवच लागू नाही. एलएलपी कायदा, 2008 च्या कलम 28 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत प्रत्येक कृती ‘स्वतःचीच’ असते, हे विसरू नका. कवच खरं उपयोगी पडतं ते कराराच्या कलमांतून येणाऱ्या पैशाच्या देण्याला. दुसरं भोक म्हणजे सही.

कंपनी काढली, पण करारात पहिल्या पानावर पक्षकार म्हणून तुमचं नाव, तुमचा पॅन आणि घरचा पत्ता आहे. शेवटी तुमचं नाव छापलंय आणि त्यावर सही. झालं, कंपनी त्या करारात नाहीच. योग्य सही अशी दिसते:

‘क्षयज्ञ डिझाइन (ओपीसी) प्रायव्हेट लिमिटेड यांच्या वतीने व त्यांच्याकरिता
सही : ________
नाव : ________
हुद्दा : संचालक व अधिकृत स्वाक्षरीकर्ता’

पहिल्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), नोंदणीकृत पत्ता आणि कंपनीचा पॅन. इनव्हॉइसही कंपनीच्याच नावाने, पैसे कंपनीच्याच खात्यात. एखादं बिल घाईत वैयक्तिक यूपीआयवर घेतलं, की ‘करार मुळात यांच्याशीच होता’ असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. ई-सहीच्या प्लॅटफॉर्मवर ही चूक फार होते, कारण तिथे खात्यात नोंदवलेलं नाव आपोआप उमटतं आणि हुद्द्याचा रकाना रिकामाच राहतो. तो आधी भरून घ्या, मग बटण दाबा.

वैयक्तिक हमी आणि ‘सिक्युरिटी’ चेक

कंपनीच्या नावाने करार करायला एजन्सी तयार झाली की कधी कधी सोबत एक पानाचं परिशिष्ट येतं : संचालकाची वैयक्तिक हमी. यावर सही केली की कंपनी काढण्याचा सगळा खटाटोप पाण्यात. कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, आणि एजन्सीने आधी कंपनीकडे वसुलीचा प्रयत्न केलाच पाहिजे असंही बंधन नाही. ती थेट तुमच्या दारात येऊ शकते.

हमीला शक्यतो नकारच द्या. देणं भागच असेल तर तीन गोष्टी लिहून घ्या. कमाल रक्कम आकड्यात. कोणत्या एका कामापुरती, ते त्या वर्क ऑर्डरच्या क्रमांकासह. आणि संपण्याची तारीख. हमी ‘सातत्याची’, म्हणजे पुढच्या सगळ्या कामांना लागू असेल, तर कलम 130 नुसार नोटीस देऊन ती पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. ती नोटीस काम थांबल्या दिवशीच द्या. दोन वर्षांनी आठवण्यात अर्थ नसतो. कलम 133 म्हणतं की तुमच्या संमतीशिवाय मूळ करार बदलला, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मोकळा होतो. म्हणूनच एजन्सीच्या छापील हमीपत्रात ‘कलम 133 व इतर कलमांखालील हक्क मी सोडत आहे’ अशी ओळ असते. ती खोडायला सांगा.

‘हा चेक फक्त ठेवायला हवाय, बँकेत टाकणार नाही’ हे वाक्य ऐकलंत की थांबा. आगाऊ रकमेच्या बदल्यात कोरा चेक देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो बाउन्स झाला तर परक्राम्य दस्तऐवज कायदा, 1881 चं कलम 138 लागू शकतं, आणि त्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चेक वैयक्तिक खात्याचा असेल तर कंपनीची भिंत तिथे कामाची नाही. त्याच कायद्याचं कलम 28 आणखी बारीक आहे : दुसऱ्याच्या वतीने चेक किंवा हुंडीवर सही करताना तसं नमूद केलं नाही, तर सही करणारा स्वतः जबाबदार. चेक द्यायचाच असेल तर कंपनीचा द्या. रक्कम भरून, कोणत्या आगाऊ रकमेपोटी आणि कधी परत मिळणार, याचं पत्र जोडून.

इंडेम्निटी : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

करार इंग्रजीत असणार, म्हणून शब्द ओळखून ठेवा : ‘इंडेम्निफाय, डिफेंड अँड होल्ड हार्मलेस’. याचा व्यवहारातला अर्थ, ‘तुमचं जे काही नुकसान होईल ते मी भरून देईन, तुमच्या वतीने खटला लढवीन आणि तुम्हाला झळ लागू देणार नाही’. मधला ‘डिफेंड’ बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दावा खोटा निघाला तरी वकिलाची फी तुमच्या माथी, असा तो शब्द आहे.

साध्या करारभंगात आणि इंडेम्निटीत फरक काय? करार मोडला तर कलम 73 तुमच्या बाजूने थोडंफार उभं राहतं. मोडण्यातून स्वाभाविकपणे होणारं, किंवा करार करताना दोघांनाही माहीत असलेलं नुकसानच मागता येतं, दूरान्वयाने झालेलं मागता येत नाही. शिवाय नुकसान आटोक्यात ठेवायला समोरच्याने काय करता आलं असतं, तेही पाहिलं जातं. इंडेम्निटी मात्र स्वतंत्र वचन आहे, आणि ती किती रुंद हे तिच्या शब्दांवर ठरतं. कलम 124 नुसार ती तुमच्या कृतीपुरतीच नव्हे, ‘इतर कुणाच्याही’ कृतीमुळे झालेल्या नुकसानीसाठीही देता येते. प्रत्यक्ष पैसे जाईपर्यंत एजन्सीला थांबावं लागेल, या भरवशावरही राहू नका. देणं निश्चित झालं असेल तर भरपाईचं वचन घेणारा आधीच पैसे भरायला सांगू शकतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1942 मध्येच म्हटलं आहे.

एक कलम जवळून पाहू. मसुद्यात साधारण असं असतं :

‘या करारामुळे किंवा त्याच्या संदर्भात उद्भवणाऱ्या सर्व हानी, दावे, खर्च व दंडांपासून कंत्राटदार एजन्सी, तिचे क्लायंट, संलग्न कंपन्या व अधिकारी यांची भरपाई करील.’

यात पाच ठिकाणी गळती आहे. ‘संदर्भात उद्भवणाऱ्या’ म्हणजे तुमची चूक असायलाच हवी असं नाही, काम तुमचं होतं एवढं पुरतं. ‘सर्व हानी’मध्ये क्लायंटचा बुडालेला नफाही बसतो. ‘क्लायंट, संलग्न कंपन्या’ म्हणजे ज्यांचं नावही तुम्हाला ठाऊक नाही, त्यांनाही वचन दिलं. ‘दंड’ शब्दाने सरकारी दंड आत येतात. पाचवी गळती म्हणजे जे लिहिलेलंच नाही ते : रकमेची मर्यादा.

दुरुस्त केलेलं कलम :

‘कंत्राटदाराने या कराराचा भंग केल्यामुळे किंवा त्याच्या निष्काळजीपणामुळे तिसऱ्या पक्षाने एजन्सीवर केलेल्या दाव्यात, सक्षम न्यायालयाच्या किंवा लवादाच्या अंतिम निर्णयाने अथवा कंत्राटदाराच्या लेखी संमतीने झालेल्या तडजोडीने जी रक्कम द्यावी लागेल, ती कंत्राटदार कलम अमुकमधील मर्यादेत देईल. एजन्सीने किंवा क्लायंटने पुरवलेला मजकूर, सूचना अथवा त्यांनी केलेले बदल यांतून उद्भवणारे दावे यात येणार नाहीत. दाव्याची सूचना मिळाल्यापासून 10 दिवसांत एजन्सी कंत्राटदाराला लेखी कळवील.’

तडजोडीची ओळ उगाच घातलेली नाही. कलम 125 खाली भरपाईचं वचन घेणारा दाव्यातली भरपाई, खर्च आणि तडजोडीची रक्कमही वसूल करू शकतो. तडजोड शहाणपणाची आणि तुमच्या आदेशाविरुद्ध नसली की पुरे. क्लायंट टिकवण्यासाठी एजन्सी उदार मनाने 12 लाखांवर मिटवते आणि बिल तुम्हाला येतं. लेखी संमतीची अट असेल तर हा मार्ग बंद होतो.

‘क्लायंटने पुरवलेला मजकूर’ हा अपवाद कंटेंट आणि डिझाइनवाल्यांसाठी सोन्यासारखा आहे. ‘आमचं तेल लावा, सात दिवसांत केस येतील’ ही ओळ क्लायंटने दिलेली असते. जाहिरात दिशाभूल करणारी म्हणून नोटीस आली की ती ‘बनवली कुणी’ हे शोधत सगळे तुमच्याकडे वळतात. अशी ओळ कुणी, कोणत्या तारखेच्या मेलमध्ये दिली, ते जपून ठेवा. तोंडी किंवा फोनवर आलेली सूचना त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा : ‘आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक ओळ तुमच्या सूचनेवरून घेत आहे.’ एवढं पुरतं.

आणि उलट बाजूची इंडेम्निटी मागायला लाजू नका. त्यांनी दिलेल्या लोगो, फोटो, डेटाबेसमुळे तुमच्यावर कुणी दावा केला, तर त्यांनी तुमची भरपाई करावी. एकतर्फी इंडेम्निटीवर अडून बसणारी एजन्सीसुद्धा ‘दोघांनी आपापल्यापुरती’ या भाषेला सहसा तयार होते.

मर्यादेचा आकडा

एकच बदल मागण्याइतकी ताकद असेल, तर तो हा मागा. बाकीची कलमं कितीही वाईट असली तरी वर छप्पर आलं की नुकसान मोजता येतं.

मर्यादा किती? छोट्या कामासाठी ‘त्या वर्क ऑर्डरखाली प्रत्यक्ष मिळालेलं मानधन’ ही रास्त मागणी. वर्षभर चालणाऱ्या कामासाठी ‘दाव्याच्या आधीच्या 12 महिन्यांत मिळालेलं मानधन’. ‘मिळालेलं’ आणि ‘देय’ यातला फरक पाहा. बिल थकवलंय आणि मर्यादाही त्याच थकलेल्या बिलाइतकी, असं व्हायला नको. मर्यादा दरेक दाव्याला आहे की सगळे दावे मिळून, हेही लिहा. ‘सगळे मिळून’ हे शब्द नसतील तर दोन लाखांची मर्यादा पाच दाव्यांत दहा लाख होते.

मग येते अपवादांची यादी : ‘ही मर्यादा इंडेम्निटी, गोपनीयता, बौद्धिक संपदा व डेटा संरक्षण यांना लागू नाही.’ दावे येतात तेही याच चार बाबतींत! वर छप्पर दिलं आणि चारही भिंती काढून घेतल्या, असा हा प्रकार. हेतुपुरस्सर फसवणूक हा अपवाद मान्य करा, फसवणुकीपासून संरक्षण मागणं वाईट दिसतं आणि कोर्टात टिकतही नाही. बाकी बाबतींत हट्ट झाला तर दुसरी, थोडी उंच मर्यादा सुचवा, उदाहरणार्थ मानधनाच्या तिप्पट किंवा तुमच्या विम्याची रक्कम. आणि मर्यादेसोबत ‘बुडालेला नफा, व्यवसायाची हानी, प्रतिष्ठेची हानी व अप्रत्यक्ष नुकसान यांना कोणीही जबाबदार नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंसाठी.

वेळेची मर्यादा घालणं भारतात अवघड आहे. करारभंगाच्या दाव्याला मुदत कायद्याने 3 वर्षं मिळतात, आणि इंडेम्निटीत ती नुकसान प्रत्यक्ष सोसल्यापासून मोजली जातात. चार वर्षांपूर्वी दिलेलं काम म्हणूनच परत येऊ शकतं. ‘एका वर्षानंतर दावा करण्याचा हक्क संपेल’ असं सरळ लिहिलं तर करार कायद्याच्या कलम 28 मुळे ते निरर्थक ठरतं. त्यापेक्षा वचनाचीच व्याप्ती आखा : ‘काम स्वीकारल्यापासून 12 महिन्यांत तिसऱ्या पक्षाने केलेल्या दाव्यांपुरती ही भरपाई.’ यावरही वाद घालता येतो, पण पहिल्या वाक्यापेक्षा ते बरं.

एजन्सीसाठी म्हणून स्वतःच्या नावाने घेतलेल्या गोष्टी

इथे ‘एजन्सी’ शब्दाचा दुसरा, कायद्यातला अर्थ आडवा येतो : दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा एजंट. तुमच्या करारात लिहिलेलं असतं की तुम्ही एजन्सीचे एजंट नाही. प्रत्यक्षात अकाउंट मॅनेजर व्हॉट्सॲपवर म्हणतो, ‘फोटोग्राफर तूच बुक कर, आपण नंतर ॲडजस्ट करू.’

कलम 230 चा सर्वसाधारण नियम एजंटाच्या बाजूचा आहे, तो व्यक्तिशः बांधला जात नाही. पण ज्याच्या वतीने व्यवहार केला त्याचं नाव समोरच्याला सांगितलंच नसेल, तर एजंटच बांधला गेला असं धरलं जातं. फोटोग्राफरला तुम्ही स्वतःच्या नावाने मेल केला, शूट झालं, क्लायंटने मोहीम रद्द केली, एजन्सी गप्प. फोटोग्राफर पैसे तुमच्याकडेच मागणार, आणि ते बरोबरही आहे. उलट, अधिकार नसताना ‘मी एजन्सीतर्फे बोलतोय’ म्हणालात आणि एजन्सीने हात वर केले, तर कलम 235 खाली भरपाई तुमच्यावर.

सर्व्हर, डोमेन, फॉन्टचे परवाने, स्टॉक फोटो, जाहिरातींचं खातं यांनाही हेच लागू. स्वतःच्या क्रेडिट कार्डावर क्लायंटच्या जाहिराती चालवणं तर निव्वळ उधारी आहे, त्यावर व्याज मिळत नाही आणि बँक मात्र ते लावते. खरेदी एजन्सीच्या खात्यातून, ऑर्डर एजन्सीच्या मेलवरून. नाहीच जमलं तर पाठवायचा मजकूर ठरलेला ठेवा : ‘अमुक एजन्सीच्या वतीने ही ऑर्डर देत आहे. बिल त्यांच्या नावे व जीएसटी क्रमांकाने करावे. पैसे देण्याची जबाबदारी त्यांची राहील.’ सीसीमध्ये एजन्सी, आणि त्यांचं ‘ओके’ आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मूळ काम, डेटा आणि खात्रीची कलमं

‘काम संपूर्णपणे मूळ असून कोणाच्याही हक्काचा भंग करत नाही’ अशी बिनशर्त खात्री देणं धोक्याचं आहे. जगातला प्रत्येक ट्रेडमार्क तुम्ही तपासलेला नसतो. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे दोन शब्द घाला, आणि स्टॉक फोटो, फॉन्ट, ओपन सोर्स लायब्ररी, एआयने बनवलेला भाग यांची यादी परिशिष्टात देऊन त्यांना खात्रीतून वगळा. नावाची किंवा लोगोची कायदेशीर तपासणी एजन्सीने करायची, हेही लिहा. फॉन्टच्या बाबतीत एक गंमत नेहमी होते : डेस्कटॉपचा परवाना असतो, क्लायंट तोच फॉन्ट वेबसाइटवर आणि ॲपमध्ये चढवतो, आणि परवान्याची नोटीस ज्याच्या नावाने खरेदी झाली त्याला येते.

कॉपीराइट सोपवताना ‘पूर्ण मानधन मिळाल्यावर’ ही अट जोडा. पैसे बुडाले तर निदान हक्क हातात राहतात, आणि वाटाघाटीत त्याचं वजन पडतं.

डेटाबाबत एक मुद्दा पक्का लक्षात ठेवा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही जबाबदारी कायदा ‘डेटा फिड्युशरी’वर टाकतो, म्हणजे डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्यावर. त्याच्या वतीने डेटा हाताळणाऱ्याच्या कामालाही तोच उत्तरदायी राहतो. म्हणजे कायद्याने जे वरच्याच्या डोक्यावर ठेवलं, ते इंडेम्निटीतला ‘दंड’ हा शब्द तुमच्या डोक्यावर आणून ठेवतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खरा डेटा घ्यायचाच नाही. चाचणीसाठी बनावट नोंदी मागा, लाइव्ह डेटाबेसचा पासवर्ड नको म्हणून कळवा, आणि काम संपल्यावर आपल्याकडच्या प्रती पुसल्याचा मेल पाठवा.

विमा घेतलाय, पण कशाचा?

प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी, म्हणजे कामातल्या चुकांवरून येणाऱ्या दाव्यांचा विमा, उपयोगी आहे, फक्त ती कराराशेजारी ठेवून वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये करारातून ओढवून घेतलेली जादा जबाबदारी वगळलेली असते. करार नसता तरी कायद्याने जेवढं तुमच्यावर आलं असतं, तेवढंच विमा कंपनी बघते. म्हणजे चूक नसतानाही भरपाई देण्याचं वचन दिलं असेल, तर ते तुमच्या खिशातून.

आणखी चार गोष्टी तपासा. पॉलिसी ‘क्लेम्स-मेड’ असते, म्हणजे दावा येतो तेव्हा ती चालू असावी लागते. काम केलं तेव्हा होती, नंतर बंद केली, याचा उपयोग नाही. ‘रेट्रोॲक्टिव्ह डेट’च्या आधीचं काम कव्हर होत नाही, म्हणून नूतनीकरण चुकवू नका, चुकलं की ती तारीख पुढे सरकू शकते. न्यायक्षेत्र पाहा : ‘फक्त भारत’ असं असेल आणि एजन्सीचा क्लायंट अमेरिकेतला, तर तिथल्या खटल्याला पॉलिसी चालणार नाही. आणि एओए-एओवाय, म्हणजे एका घटनेला किती आणि वर्षात एकूण किती, हे दोन आकडे वेगवेगळे असू शकतात. करारातली मर्यादा एका घटनेच्या आकड्यापेक्षा वर जाऊ देऊ नका.

उरलेलं, थोडक्यात

करार संपल्यावर स्पर्धकाकडे काम करू नये, हे बंधन कलम 27 मुळे सहसा टिकत नाही. ‘आमच्या क्लायंटशी थेट काम केल्यास 10 लाख रुपये’ अशी ठरीव रक्कम मात्र दुर्लक्षून चालत नाही. कलम 74 प्रमाणे कोर्ट त्या आकड्यापर्यंतची वाजवी भरपाई देतं, सरसकट आकडा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तरी तो वाद कोर्टात जाऊन घालावा लागतो, म्हणून आकडा आधीच कमी करून घ्या.

‘क्लायंटने दिल्यावर पैसे मिळतील’ या कलमाला उत्तर म्हणजे उद्यम नोंदणी (सरकारकडे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नाव नोंदवणं), आणि तीही करार करण्याच्या आधी. एमएसएमई विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. एजन्सीला दाव्याची रक्कम तुमच्या इतर बिलांतून परस्पर वळती करण्याचा हक्क देणारं ‘सेट-ऑफ’ कलमही शोधा. अंतिम निर्णय झालेल्या रकमेपुरतंच ते मान्य करा.

लवाद एजन्सीनेच नेमायचा, असं कलम दिसलं तर निदर्शनास आणा. अशा एकतर्फी नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये अमान्य केल्या, आणि 2024 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ठिकाण आपल्या शहराचं मिळालं तर उत्तम, नाहीतर ऑनलाइन सुनावणीची सोय लिहून घ्या.

बदल मागायचे कसे

दहा पानांवर पन्नास लाल रेघा मारून पाठवलं की अकाउंट मॅनेजर ते लीगलकडे टाकतो आणि काम दुसऱ्याकडे जातं. क्रम ठेवा : आधी मर्यादा, मग इंडेम्निटी ‘तुमच्या चुकीपुरती’, मग वैयक्तिक हमी काढणं. एवढं मिळालं तर बाकी बहुतेक सोडून देता येतं. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून बदल करा, पीडीएफ असेल तर वर्ड फाइल मागा. मेलमध्ये ‘कलम अन्यायकारक आहे’ असं लिहू नका. ‘माझा विमा इतक्या रकमेचा आहे आणि चूक नसलेल्या नुकसानीला तो लागू होत नाही, म्हणून कलम त्याला जुळेल असं केलंय’ हे कारण कुणालाही पटतं, लीगललाही.

मूळ क्लायंट-करारातल्या अटी तुम्हाला लागू असल्याचं लिहिलेलं असेल, तर त्या अटींची प्रत मागा. किमती झाकून दिली तरी चालेल. प्रत देत नसतील तर ते वाक्य काढायला लावा, न पाहिलेल्या कागदाने बांधून घेणं परवडत नाही. आणि वर्क ऑर्डर, मुख्य करार आणि एजन्सीच्या वेबसाइटवरच्या अटी यांत विरोध आला तर काय चालेल, हेही एका ओळीत ठरवा. कष्टाने मिळवलेली मर्यादा पुढच्या पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरच्या बारीक अक्षरांत रद्द होते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

दाव्याचं पत्र आलंच तर

पहिल्या दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, उशीर हे दावा नाकारायचं नेहमीचं कारण असतं. एजन्सीला फक्त एवढंच : ‘पत्र मिळाले, तपासून कळवतो.’ माफी, ‘चूक झाली खरी’ किंवा ‘थोडं मी भरतो’ असं व्हॉट्सॲपवरही नाही. तो कबुलीजबाब म्हणून पुढे येतो, आणि विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर पॉलिसीची अट मोडते. तिसऱ्या पक्षाने एजन्सीला पाठवलेल्या मूळ नोटिशीची प्रत मागा, बऱ्याचदा ती मागितल्यावरच कळतं की अजून कुणी दावा केलेलाच नाही. एजन्सी तडजोडीची बोलणी करत असल्याचं कळलं, तर तुमची संमती नाही हे तारखेनिशी लिहून ठेवा. मग सही केलेला करार, सगळ्या वर्क ऑर्डर, मंजुरीचे मेल आणि काम सुपूर्द केल्याच्या तारखा एका फोल्डरमध्ये घ्या आणि वकिलाकडे जा. त्याचा पहिला प्रश्न सहसा एकच असतो : शेवटच्या पानावर सही कुणाच्या नावाने आहे?